गुहागर बेटाची निरवानिरव

मी, मधुकर शशिकांत दाबके, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार गुहागर, हल्ली मुक्काम कार्ल्सरूहेजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कान त्याहून ठिकाणावर आहेत. बिघडली आहे ती हृदयाची झडप. सोमवारी ती बदलणार. डॉक्टर म्हणाले, "आल्झो, हेर दाबके (म्हणजे 'तर, श्रीयुत दाबके'), धोका थोडा आहे." 'थोडा' म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला, तो मी ऐकला. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आहे तो शुभदाचा. ती समोर बसून "काका, चहा निवतोय" म्हणते आहे.

कलम १. माझा धंदा बेटावर आहे. हे बेट जर्मनीतच, एका मोठ्या काचेच्या छपराखाली आहे. बाहेर बर्फ, आत बारा महिने उकाडा. माड खरे, धबधबा खोटा, वाळू विकतची. लोक तिकीट काढून डुंबायला येतात. मी तिथे नारळपाणी आणि बटाटेवडे विकतो. आलो होतो पुण्याच्या एका कंपनीतर्फे पंप बसवायला. कंपनी बुडाली, मी बुडालो नाही. गिऱ्हाइके विचारायची, "तुम्ही कुठल्या बेटावरचे?" एकदा म्हटले, "गुहागर." ती खूश. दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली, 'इंझेल गुहागर', म्हणजे गुहागर बेट. भूगोलाने मला माफ करावे.

हे दुकान, कढया आणि पाटीसकट, मी शुभदाला देतो. तिचा नवरा मयुरेश संगणकाच्या नोकरीत आहे आणि ती घरी बसून कंटाळली म्हणून माझ्याकडे आली. आता गिऱ्हाइके वडा तिच्या हातचाच मागतात. फुलाफुलांचा शर्ट घालायची तिला सक्ती नाही.

कलम २. बेटाचे व्यवस्थापक हेर ब्रांडल यांनी गॅस महागला म्हणून आतली ऊब कमी केली. माड पिवळे पडत आहेत. त्यांना माझ्या खर्चाने एक लोकरी स्वेटर द्यावा आणि तो माडाला घालायला सांगावा.

कलम ३. माझा चुलतभाऊ जयंत गावात सांगत फिरतो, "आमचा मधू जर्मनीत जाऊन नारळच फोडतो." त्याला माझा नारळाचा कोयता द्यावा. वाडीभर माड असून हा नारळ शेजाऱ्याकडून सोलून घेतो. आता शिकेल.

कलम ४. राहते घर आणि बँकेतली शिल्लक. इथे मला थोडे लांबून यावे लागेल.

माझी मुलगी मुक्ता इथेच वाढली. मराठी सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. एकच मराठी शब्द ती आपणहून बोलायची. तिची आई, माझी बायको लता, तिला शिकवायची की दारात माणूस आला की 'या' म्हणावे. जर्मन भाषेत 'हो'ला 'या'च म्हणतात. ही चिमुरडी बेटाच्या तिकीट खिडकीपाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला "या, या" म्हणायची. खिडकीवरच्या फ्राऊ केसलर हसायच्या, "ही पोरगी कशालाच नाही म्हणत नाही!"

म्हणाली एकदा. सातवीत असताना तिच्या वर्गाची सहल बेटावर आली. मी फुलाफुलांच्या शर्टात, गळ्यात शिंपल्यांची माळ घालून साऱ्या पोरांना नारळपाणी दिले. धबधब्याआड एका मैत्रिणीने विचारले, "तो तुझा बाबा आहे का?" मुक्ता म्हणाली, "नाइन." म्हणजे नाही. त्या आवाजात ते दुसऱ्या कोणाला ऐकू गेले नसते. मी घरी काही बोललो नाही, लतालाही नाही. मात्र त्यानंतर मुक्ताच्या कुठल्याही समारंभाला विचारल्याशिवाय गेलो नाही. "मी येऊ का?" ही सवय तेव्हाची.

लता गेली. मुक्ता हेर्त्सोगेनआउराखला बूट बनवणाऱ्या कंपनीत लागली, तिथेच संसार केला. तिला मुलगी झाली, तनया. बारसे ठरले. मी फोनवर संदेश टाकला, आपण सगळे टंकतो तसा, इंग्रजी अक्षरांत मराठी: मी येऊ का? उत्तर आले दोनच अक्षरांचे. जे, ए. मी वाचले: जा.

बॅग भरून तयार होती. पैंजण, लताने विणून ठेवलेले कुंची-झबले, सगळे काढून परत कपाटात ठेवले. तनया आता शाळेत जाते. मी तिला फोटोतच पाहिली आहे.

कालच्या मसुद्यात मी मुक्ताच्या नावे, कायद्याने टाळता येत नाही तेवढेच, अर्धे लिहिले होते आणि कारणही लिहिले होते. शुभदाने ते वाचले आणि कपाळावर हात मारला.

"अहो काका, तुम्ही म्हणालात 'येऊ का', ती म्हणाली 'हो'! जर्मन 'या' लिहितात कसा?"

"जे, ए. मला शिकवतेस? रोज लिहितो."

"मग?"

"मराठीत विचारलं होतं. वाटलं, मराठीत उत्तर आलं."

"आणि एवढ्या वर्षांत विचारलं नाहीत?"

"तिने तरी कुठे विचारलं, का आला नाहीत म्हणून?"

"गेनाऊ! अगदी बरोबर! तुमचीच मुलगी ना ती!"

यात दोष कोणाचा ते मी लिहीत नाही. ऐकायला असते तर चुकलो नसतो. कागदाला आणि पडद्याला आवाज नसतो. घर आणि शिल्लक, सगळे मुक्ताला. कायदा देतो तो अर्धा भाग कायद्याकडून, उरलेला माझ्याकडून.

कलम ५. फुलाफुलांचा शर्ट आणि शिंपल्यांची माळ तनयाला टपालाने पाठवावी. तिच्या आईला नको असली तरी.

कलम ६. राख घरी नेऊ देत नाहीत, तेव्हा लताशेजारी दफनभूमीत ठेवावी. तिला थंडी सोसत नसे. हिवाळाभर ती विणकाम घेऊन बेटावर माझ्या दुकानामागे बसायची. तिथे तिला एकटीला फार वर्षे झाली.

कलम ७. वरचे लिहून संपले तोच शुभदाने फोन लावून माझ्या हातात कोंबला. पलीकडे मुक्ता. झडपेचे सांगायचे ठरवले होते, ते राहिले. मी म्हणालो, "मुक्ता, मी येऊ का?"

मागून एक बारीक आवाज जर्मनमध्ये विचारत होता, कोण आहे, आई, कोण आहे? मग मुक्ता म्हणाली, "या."

गिऱ्हाईक स्टुटगार्टचे की ड्रेस्डेनचे, हे मी ते नारळ कसे मागते त्यावरून ओळखतो. पण ते 'या' इथले होते की तिच्या आईने शिकवलेले, मला सांगता येत नाही.

उद्या सकाळच्या गाडीने निघतो. एर्लांगेनला उतरून पुढे मुक्ताच्या गावाला बस आहे. रविवारी रात्री इस्पितळात हजर व्हायचे आहे, तोवर परत येईन. शर्ट आणि माळ बरोबर नेत आहे; सबब कलम ५ रद्द समजावे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत. पण साक्षीदारांवाचून गुहागरात ते कोणी खरे मानणार नाही, म्हणून खाली दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या आहेत.

साक्षीदार: फ्राऊ केसलर, तिकीट खिडकी (मराठी येत नाही, म्हणून भांडणार नाहीत)
साक्षीदार: गौरांग लेले, शेजारी

मधुकर शशिकांत दाबके
स्थळ: इंझेल गुहागर, दुकानामागची खोली
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५