अंगठा दाबला की श्वास धरायचा

३ फेब्रुवारी
खर्च — वाणसामान ४१०, ह्यांच्या गोळ्या २६५, कानातल्या यंत्राचे सेल ६०. सेलचे साठ फुकट. तपासणीला धातूचं काही चालत नाही, कानातलं यंत्रसुद्धा काढायचं म्हणे. आधी सांगायला काय झालं होतं!

तपासणी नवीन आहे. मोठ्या चुंबकात निजवतात. सुई नाही, नळी नाही. हृदयाच्या स्नायूला प्राणवायू किती मिळतो ते बाहेरूनच कळतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाचा जो भाग नीट हलत नाही, तो नुसता उपाशी असेल तर ऑपरेशन करून वाचवू. मेलाच असेल तर छाती उघडून उपयोग नाही." ह्यांना ऑपरेशन होण्याची धास्ती. मला न होण्याची.

५ फेब्रुवारी
देवाचं नाव घेत पडून राहिले. झोप नाही.

६ फेब्रुवारी
झाली एकदाची. आत श्वास धरा, सोडा असं सांगतात, पण यंत्राशिवाय ह्यांना ढग गडगडलेलेही कळत नाहीत. मशीनवाला डोक्याला हात लावून बसला. म्हटलं, "मला आत उभं करा. हे माझं ऐकतात."
"ऐकू येत नाही ना त्यांना?"
"तरी ऐकतात."
हसला. माझ्या पिना, किल्ल्या काढून घेतल्या, कानांत बोळे दिले. त्याने काचेतून हात वर केला की मी ह्यांच्या पायाचा अंगठा दाबायचा — श्वास धरायचा. सोडला की सोडायचा. एकदाही चुकले नाहीत.

नवीन लग्न झालं तेव्हाची सायकल आठवली. गिरणीने ह्यांचे कान तरुणपणीच नेले. मी मागे बसायची. डावीकडून गाडी आली की डाव्या खांद्यावर थाप, उजवीकडून आली की उजव्या. दोन्ही खांदे दाबले की थांबायचं. एकदा रस्ता रिकामा असताना उगीचच दाबले. तळ्यापाशी उन्हं उतरली होती. हे म्हणाले, "गाडी कुठाय?" म्हटलं, "गेली." बराच वेळ बसलो तिथे.

९ फेब्रुवारी
तो भाग मेला आहे. डॉक्टरीणबाई हळू आवाजात माझ्याशीच बोलल्या. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतात गं?"
"ऑपरेशन नको म्हणतात."
एवढंच सांगितलं. वाटभर हे भेटेल त्याला सांगत आले — "सुटलो बुवा!"

लेकीला पत्र टाकलं: रजा काढून ये. बाबांना म्हण, सहज आले. कधी निघतेस ते उलट टपाली कळव.