पहारेकरणीला आमंत्रण

दि. २ मार्च १९९५

ती. सरुअक्कांस,
धाकट्या भावजयीचा, मंगलचा, सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आनंदाची बातमी अशी की आमच्या मीनाचं लग्न ठरलं. मुलगा परभणीला शाळेत मास्तर आहे. मीना लाजायचं सोडून त्याच्या अक्षराचं कौतुक करत फिरते. लग्न २१ मेला, रविवारी, आपल्याच गावात, विहारासमोर. तुमच्या भावाने मांडववाल्याशी एक भांडण आत्ताच उरकून घेतलं आहे.

आता खरं बोलते. आमच्या घरभरणीला दाजी एकटेच आले, हाती तुम्ही पाठवलेलं लुगडं. थोरल्या दिरांच्या अनिलच्या लग्नात तुमच्या लेकीचे, स्वप्नाचे, पाय दुखत होते. सतरा वर्षांत तुम्हाला एकदाही गावची एसटी सापडली नाही. मी रागावत नाही, कारण त्या दुपारी जोंधळ्यात तुमच्या शेजारी मीच बसले होते, तीन वर्षांच्या मीनाला पोटाशी धरून. पण तिचं नाव तुम्ही ठेवलंत. तिने जाहीर केलंय की आत्या आली नाही तर हळदीला बसणार नाही, आणि हट्टाला ती तुमच्यावर गेली आहे.

दाजींना जयभीम. स्वप्नाला गोड पापा. उत्तराची वाट बघते आहे, लोभ तर आहेच.

तुमची,
मंगल

---

मलकपेठ, हैदराबाद
१३ मार्च १९९५

चि. सौ. मंगल हिस,
सरुअक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचल्याबरोबर ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. मीना कोण, हे शेजारच्या बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी दोन पेढे घेतले.

मंगल, मी तुला खोटं लिहून कंटाळले. स्वप्नाचे पाय कधीच दुखत नव्हते. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि त्याचा राग भरदुपारी आपल्या वस्तीवर निघाला, त्या दिवसापासून मी दुपारी आडवी झालेली नाही. दोन वाजले की खिडकीशी उभी. दाराआड गाठोडं बांधलेलं असतं, त्यात दाखले, रेशनकार्ड, टॉर्च, स्वप्नाचे कपडे. गेल्या साली तिच्या इंटरच्या, म्हणजे अकरावीच्या, परीक्षेचं हॉलतिकीट सापडेना, सगळं घर उलथंपालथं झालं. मीच ते गाठोड्यात ठेवलं होतं. परीक्षा संपल्यासंपल्या पोरीने मला हाताला धरून इथल्याच हिमायतनगरला नेलं.

तिथे अनसूयाम्मा म्हणून एक डॉक्टरीण आहेत, अमेरिकेत शिकून आलेल्या. गोळ्या देत नाहीत, नुसतं बोलतात. त्यांची हिंदी तेलुगू वळणाची, माझी मराठी वळणाची, पण आमचं छान जमतं. त्या म्हणतात, माणसाच्या आत एकच माणूस नसतं, घरभर माणसं असतात. कोणी भांडकुदळ, कोणी घाबरट, कोणी हसरी. मोठा घाव बसला की त्यातली एखादी स्वतःला कामाला जुंपून घेते आणि मग सुट्टीच घेत नाही. माझ्यात अशी एक पहारेकरीण आहे. मी म्हटलं, तिला हाकलून द्या. तर त्या म्हणाल्या की कायकू अम्मा, तिनेच तर तुम्हाला वाचवलं, तिला नीट विचारा की कशाची भीती वाटते.

मी डोळे मिटून तिला मीनाच्या लग्नाचं विचारलं. ती तोंड फिरवून बसली. गावाकडे पाऊल टाकू देणार नाही म्हणते. यायचं फार मनात आहे गं, पण हे आतलं माणूस असं रुसलेलं असताना मी कशी येऊ? माझ्या भावाला, हिम्मतला, सांगू नकोस, तो पहिल्या गाडीने इकडे येईल. एसटीडी बूथच्या काचेच्या पेटीत हे बोलणं जमलं नसतं, म्हणून लिहिलं.

मीनाला माझ्याकडून जवळ घे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

---

दि. २४ मार्च १९९५

ती. अक्कांस,
मंगलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग अंगणवाडीचं रजिस्टर बाजूला सारून तिसऱ्यांदा. आधी वाटलं, शहरात लोक आतमध्येही भाडेकरू ठेवतात की काय! मग लक्षात आलं की चूक आमचीच. रुसलेल्या माणसाला आपल्यात कोणी दुसऱ्याच्या निरोपावर लग्नाला बोलावतं का? थोरल्या आत्याबाई रुसल्या तेव्हा तुमचे भाऊ वेगळी पत्रिका घेऊन हिंगोलीला दोनदा गेले, तेव्हा कुठे त्यांनी चपला घातल्या. तुमच्या पहारेकरणीला आम्ही विचारलंच नाही. तिची पत्रिका सोबत वेगळ्या पाकिटात आहे. तुम्ही फोडायची नाही, तिला फोडू द्या.

लोभ दोघींचाही असावा.

मंगल

---

श्रीमती पहारेकरीणबाई यांस,
सौ. मंगला हिम्मतराव यांचा मानाचा जयभीम.

आपली ओळख जुनी. त्या दुपारी सगळे पांदीच्या, शेतांमधल्या चिंचोळ्या, वाटेने पळत होते, मीही पळत होते. आपण माझं मनगट धरून मला जोंधळ्यात ओढलंत. नंतर पांदीत सापडलेल्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. आपण डोकी मोजलीत, तान्ह्या स्वप्नाला पदराखाली घेतलंत, माझ्या रडण्यावर डोळे वटारलेत. आज माझी मीना नवरी होते आहे ती आपल्यामुळे. इतक्या वर्षांत मी आपले आभार मानले नाहीत, ते आज मानते.

गावात सगळं गोड झालंय असं खोटं सांगून आपल्याला फसवणार नाही. काही माणसं आम्हाला बघून मान खाली घालतात, काही अजून घालत नाहीत. पण वस्तीत पक्की घरं आहेत, आणि गेल्या साली विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा भर चौकात आम्ही साखर वाटली.

एक विनंती. लग्नाची कोठी सांभाळायला जागं, संशयी आणि कोणाचंही न ऐकणारं माणूस लागतं. वस्तीतल्या मागच्या लग्नात वऱ्हाड बसायच्या आत निम्मी बुंदी गायब झाली होती. कोठीच्या खोलीची किल्ली आपल्यासाठी राखून ठेवली आहे. अगत्य येण्याचे करावे.

---

मलकपेठ
६ एप्रिल १९९५

चि. सौ. मंगल हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पाकीट अनसूयाम्मांच्या खोलीत नेऊन फोडलं. हिंदीत सांगत मोठ्याने वाचायला घेतलं आणि डोकी मोजल्याची ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले. मंगल, तिला आजवर कोणी पत्र लिहिलं नव्हतं. ती उभीच होती, तिला बस म्हणालं नव्हतं कोणी. मी खूप रडले. अनसूयाम्मांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ही तुमची भावजय मला मदतीला मिळेल का?

ह्यांची तक्रार अशी की आपल्याला साधी छापील पत्रिका आणि पहारेकरणीला हाताने लिहिलेली. स्वप्नाने तुझं पत्र अक्षर लावत लावत वाचलं. अर्धा तास लागला, कारण मराठी तिला दुकानाच्या पाट्यांपुरतीच येते. वाचून झाल्यावर तिने मामाकडच्या लग्नासाठी, म्हणजे तुझ्याकडे यायला, माझी बॅग काढली.

पहारेकरीण येणार आहे. तिच्या अटी लिहून घे. कोठीला आतून कडी हवी. मागचं दार उघडणारं हवं. किल्ली दुसऱ्या कोणाकडे नको. गाठोडं बरोबर येईल, त्यावर कोणी हसायचं नाही. दुपारी ती बसणार नाही.

मला भीती वाटतेच आहे. पण आता भीती वाटते आणि मी येते आहे, असं दोन्ही आहे. तुझ्यावरचा जीव वाढतोच आहे.

तुझी,
अक्का

---

दि. ३० मे १९९५

ती. अक्कांस,
मंगलचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं दाजींचं कार्ड मिळालं. मीना सासरी रमली आहे. मास्तर तिला रोज शुद्धलेखन घालतात आणि ती रोज भांडते, म्हणजे सगळं ठीक आहे.

आता एक कबुली. लग्नादिवशी चारच्या सुमाराला तुम्ही कोठीतून तणतणत बाहेर आलात आणि बुंदी कोणी मागायलाच आलं नाही म्हणून आम्हाला फैलावर घेतलंत. आम्ही सांगितलं, पहिल्या पंगतीला काढलेलीच पुरली. साफ खोटं. दुसरी पंगत बसली तेव्हा बुंदीच्या टोपल्या तुमच्या ताब्यात होत्या, कोठीला आतून कडी होती आणि अडीच वाजून गेले होते. तुमचे भाऊ दार ठोकायला निघाले. मी खिडकीतून डोकावले आणि त्यांचा हात धरला. तुम्ही साखरेच्या पोत्याला टेकून झोपला होता, अक्का. किल्ली मुठीत, तोंड उघडं. गाठोडं उशाला.

तुमचे भाऊ तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीनाच्या सासूबाई बुंदीची चौकशी करायला आल्या, तर मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी फक्त विचारलं की अठ्ठ्याहत्तर का? मी मान हलवली. त्यांनी वाढप्याला सांगितलं की आमची माणसं गूळ खातील. शंभर माणसांनी वरणभातावर गूळ खाल्ला आणि एकाने तक्रार केली नाही. बँडवाल्यांना तुमच्या भावाने रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं. विहीणबाई स्वतः पायरीवर बसल्या आणि ओठांवर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करू लागल्या.

मी तुमच्या दारात बसले. दोन्ही वाटा दिसतील अशी. दीड तास बसले आणि डोकीही मोजली, पहारेकरीणबाईंना तसं कळवा. सगळी भरली.

लोभ जागा ठेवा, तुम्ही झोपलात तरी चालेल.

तुमची,
मंगल