मोरीतलं करडू

४ फेब्रुवारी
शेळी व्याली. एकच करडू. मादी!
शेळी फुकट दिली तेव्हाच संस्थेने बजावलं होतं — पहिली मादी, आईचं दूध सुटलं की यादीतल्या पुढच्या घरी द्यायची. पुढचं घर म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण. तिचं बाळ आठ महिन्यांचं, अजून बसत नाही.
कळतं मला सगळं. पण मागच्या वर्षी दुधावाचून माझी पोरगी भिंत खरवडून चुना खायची, तेही मलाच माहीत आहे. ही शेळी उद्या मेली तर? परत चुना?

६ फेब्रुवारी
संस्थेच्या ताई आल्या. तोंडातून निघूनच गेलं — "करडू मेलेलंच जन्मलं." त्यांनी लिहून घेतलं. वर म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका!" करडू तेव्हा मोरीत, टोपलीखाली. टोपलीवर पोरगी बसलेली.
पकडले गेले तर शेळीही नेतील.

७ फेब्रुवारी
ओरडतंय मेलं! सारखं ओरडतंय!

१९ फेब्रुवारी
उपाय सापडला. तोंड उघडलं की शेळीला लावायचं. पितंय तोवर गप्प.
पण आज दूध उरलंच नाही. पोरगी पेला घेऊन उभी — "आई, माझं?" अगं बये, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं!

३ मार्च
शेजारीण आली. हातात पाला! "करडू गेलं, शेळी झुरत असेल गं." मी दारात आडवी. पाला दारातच ओढून घेतला. तिला संशय आला असेल? आत डोकावली मात्र नाही.

९ एप्रिल
संस्थेचे जनावरांचे डॉक्टर आले. न सांगता! शेळीची कास चाचपली, माझ्याकडे बघितलं. "कास रिकामी. करडू मेलं, तुमची पोरगी ही एवढीशी. दूध जातं कुठे?" गेली शेळी, संपलं सगळं!
तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण — "मी नेते की, डॉक्टर. बाळासाठी. ही देते रोज."
थेंब दिला नव्हता मी तिला. एक थेंब!
डॉक्टर गेले. तीही गेली, माझ्याकडे न बघता.

१० एप्रिल
तिला माहीत आहे. कधीपासून? ताईंना सांगेल?

११ एप्रिल
करडू काखेला मारून गेले. "घे बाई. तुझंच आहे." ती कपडे पिळत होती. "पहिल्या दिवसापासून ऐकतेय. म्हटलं, आणेल आपणहून. जरा बाळाला धर, हात ओले आहेत."
धरलं. करडापेक्षा हलकं!
आणि करडाला दूध यायला वर्ष आहे.

१२ एप्रिल
शेळीच नेऊन बांधली तिच्या दारात. करडू परत आणलं. पोरगी पेला घेऊन तिकडेच पळाली.
करडू बेंबीच्या देठापासून ओरडतंय. ओरडू दे!