पिवळ्या साडीतला फोटो

बाई, तुमची पिवळी साडी यंदा पुन्हा शाळेत आली. शिक्षक दिनाला मोठ्या वर्गातल्या मुलींनी साड्या नेसून एक दिवस शाळा चालवायची, ही रीत तुम्ही असताना होती तशीच आजही आहे. मी नववीत होते तेव्हा तुम्ही स्वतः मला ही साडी नेसवली होती. माझी उंची कमी, म्हणून कमरेशी केवढी तरी खोचावी लागली. मग मी फळ्याकडेच तोंड करून पुटपुटत शिकवायला लागले आणि मागच्या बाकावरून तुमचा आवाज आला, "अगं, भिंतीला शिकवतेस का पोरांना?" सगळा वर्ग हसला. संध्याकाळी घडी करून साडी परत द्यायला आले, तर तुम्ही हात पुढे केला नाहीत. "पदवी घ्यायला जाशील तेव्हा नेस," म्हणालात. नेसले होते, बाई. आमच्या घरातली पहिली पदवी. बघायला तुम्ही नव्हतात.

तुम्ही सांगायचात, तुमच्या वर्गात तुम्ही एकट्याच मुलगी, आणि मुलांकडे नजर जायला नको म्हणून तुम्हाला दाराकडे तोंड करून बसवायचे. आमच्या वेळी मुली पुष्कळ होत्या, पण टँकरचा हॉर्न वाजला की अर्धा वर्ग घागरी घेऊन पळायचा. तुम्ही गणित तिथेच थांबवून वाट बघत बसायचात. आता मी त्याच शाळेत शिकवते. वर्गात मोठा पडदा आहे, मुली सायकलवर येतात, मुलं पहाटे भरतीसाठी पळतात आणि दुपारी बाकाखाली फोन धरून रील बघतात. गृहपाठ पालकांच्या ग्रुपवर जातो. हे सगळं तुम्हाला दाखवायची केवढी हौस होती मला! आणि चीड येते ती याचीच. एवढं सगळं आलं, तरी दिवाळी झाली की पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि माझ्या वर्गातली बाकं रिकामी होतात ती होतातच.

यंदा मी तुमची साडी नववीतल्या एका मुलीला नेसवली. भूगोल शिकवला तिने, आणि काय शिकवला! मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प होती. हेडसरांनी कौतुकाने तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. आमच्या वेळी असा दिवस वर्गातच संपायचा. हा फोटो मात्र तिच्या वडिलांच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमापर्यंत गेला आणि दसऱ्याच्या आत त्याच्या भाच्याचं स्थळ आलं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकट्याला काम मिळत नाही. भाच्याला जोडीला कुणीतरी हवं होतं, आणि साडीत ती मुलगी थोराड दिसत होती.

मी तिच्या घरी गेले. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "बाई, पोरगी मोठी झाली म्हणून तुमीच तर दाखवलं की. साडी नेसवून उभी केली, फोटू समद्या गावाला धाडला. आता कावून आडव्या येता?" मी म्हटलं, हंगामभर तिला माझ्याकडे ठेवा. त्यावर तिची आई हसली. "तुमचं आईबाप बी उसालाच जात्यात. तुमी सोताच एकट्या ऱ्हाता, तुमचं लगीन न्हाई. तुमच्याकडं कुणी बघावं अन् हिच्याकडं कुणी? चहा घ्या अन् जावा."

बाई, तुम्ही हे कसं केलंत? तो दुष्काळ आठवतो मला. जनावरं छावणीत गेली होती, गावातली दूध सोसायटीची खोली ओस पडली होती. तुम्ही चेअरमनच्या दारात बसून ती खोली मागून घेतलीत आणि आम्हा मुलींना हंगामभर तिथे ठेवलंत. दुधाच्या कॅनमध्ये आपण पिण्याचं पाणी साठवायचो. पाण्यालाही दुधाचा वास यायचा. आमच्या दारात गाडी भरत होती तेव्हा तुम्ही उंबऱ्यावर बसून राहिलात. माझे वडील म्हणाले, "मंग जावई बी तुमीच शोधा." तुम्ही लगेच म्हणालात, "शोधते की. आधी तिला शिकू तर द्या." वडिलांना हसू आलं आणि माझं गाठोडं गाडीतून खाली आलं. आता त्या खोलीत निवडणुकीचे बॅनर ठेवतात. मी किल्ली मागितली, तर चेअरमनचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जबाबदारी कोण घेणार?" मी घेते म्हटलं. तो फोनकडे बघत राहिला.

शेवटी मी मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. साहेब लोक आले, लग्न थांबलं. हेडसर म्हणाले, चला, सुटलो. आणि परवा गाडी भरली तेव्हा वडिलांनी तिलाही टोळीबरोबर नेलं. लग्नाला अडवायला कायदा होता, बाई. तिला वर्गात ठेवायला एक खोली नव्हती.

फोन कुणी केला, यावर गावात रोज वाद चाललाय. परवा गाडीत भांड्यांच्या पोत्यावर, कोंबड्यांच्या डालग्याला धरून ती बसली होती. खाली वाकून हळूच म्हणाली, "बाई, फोन कुणी केला आसंल वो?" तिचे वडील पलीकडे दोर आवळत होते. मी म्हटलं, काय माहीत. "कळलं तर त्यास्नी सांगा," ती म्हणाली, "लई बरं केलं." मग गाडी हलली. तुम्ही असता तर तिच्या बापासमोर म्हणाला असतात, मी केला.

हे पत्र तुमच्या मुलाकडे द्यायचं मनात होतं, तुमच्या फोटोपुढे ठेवायला. पण देणार नाही. फोन कुणी केला, ते यात लिहिलं आहे.