पोटाचा कौल

१७ नोव्हेंबर
आजपासून डाएट बंद. आजवर अकरा केली, अकराही चुकीची निघाली. आता इंटरनेटवर सहा आठवड्यांचा कोर्स लावलाय. पोट सांगेल ते, सांगेल तेव्हा, सांगेल तेवढंच खायचं. कोणताही पदार्थ शत्रू नाही. शिकवणाऱ्या बाई सडपातळ आहेत, त्यामुळे विश्वास बसतो.

संध्याकाळी लीसबेतचा फोन. पोटची पोरगी, पण दोन वर्षांनी आवाज ऐकला. म्हणाली, पाच डिसेंबरला सिंटरक्लासच्या संध्याकाळी या, फेने तुमची आठवण काढते. (सिंटरक्लास म्हणजे मुलांना भेटी आणणारा दाढीवाला संत. फेने म्हणजे नात. आठ वर्षांची.) अट एकच: कुणाच्या ताटाबद्दल किंवा अंगाबद्दल बाबांनी चकार शब्द काढायचा नाही. संध्याकाळ नीट पार पडली तर नाताळचे दोन्ही दिवस, पंचवीस-सव्वीस, तिच्याकडे मुक्काम. लगेच कबूल केलं.

तसं मी कधी काही बोलतच नाही. तिच्या चाळिशीच्या पार्टीत केकचा दुसरा तुकडा घेताना 'झेपेल का?' एवढंच विचारलं होतं. पन्नास माणसांसमोर, पण काळजीपोटी. लहानपणी सगळे बाप दाराच्या चौकटीवर मुलांची उंची लिहितात. मी शेजारी वजनही लिहायचो. शास्त्रीय दृष्टी.

१८ नोव्हेंबर
भुकेला एक ते दहा गुण द्यायचे असतात. सकाळी सव्वादहाला पोटाने पेपरनोटेन मागितले. मसाल्याची छोटी बिस्किटं, चार दिली. दहा चाळीसला पुन्हा मागितले. अकराला पिशवी संपली. बाई म्हणतात, शत्रूशी तह करा. केला. शत्रू उरला नाही.

२२ नोव्हेंबर
कुणी कुणाला भेट द्यायची याच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरने काढल्या. माझ्या चिठ्ठीत लीसबेत निघाली. म्हणजे भेटीसोबत द्यायची तिच्यावरची चेष्टेची कविता मी करायची, खाली नेहमीप्रमाणे सही सिंटरक्लासची. देवाची इच्छा.

२६ नोव्हेंबर
फेनेसाठी तिच्या नावाचं चॉकलेटचं अक्षर आणलं होतं, एफ. दुपारी पोटाचा कौल स्पष्ट आला. आधी वरची आडवी दांडी खाल्ली, मग मधली. राहिला आय. आयने सुरू होणाऱ्या नावाचं घरात कुणी नाही, म्हणून तोही.

२८ नोव्हेंबर
दुसरा एफ. तोच प्रकार. पोट हट्टी आहे, पण प्रामाणिक.

३० नोव्हेंबर
व्यायाम: संत्र्याची एक फोड पाच मिनिटं चघळायची. तीन मिनिटांनी कंटाळा आला, म्हणून सोबत मार्झिपान घेतलं, बदामाची मिठाई. वजन तीन किलो वाढलंय. बाई म्हणतात काटा फेकून द्या. फेकला.

जिन्यात वरच्या मजल्यावरची ट्रुस भेटली. तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, हार्मन, तुझं पोट इतकं बोलतं तर मधूनमधून तोंडाला सुट्टी दे. अडाणी बाई.

३ डिसेंबर
कविता झाली. चोवीस ओळी, एकही यमक ओढूनताणून नाही.

पट्ट्याला तिच्या भोक नवे,
दर डिसेंबरला एक हवे.
जिना म्हणे, बाई गं, थांब,
लाकूड मी, लोखंडी नव्हे खांब.

'थांब'ला 'खांब' आंघोळीत सुचलं. ट्रुसला वाचून दाखवली. तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, ही देऊ नकोस. का, तर म्हणे त्या पोरीला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी लागणार. अगं, रिवाजच तो. ज्याच्यावरची कविता त्यानेच वाचायची. सगळ्यांचीच टर उडते, सगळेच हसतात.

अट मोडतोय का, याचा शांतपणे विचार केला. मोडत नाही. मी बोलणार नाही असं कबूल केलंय. लिहिणार सिंटरक्लास, वाचणार ती. माझा कुठे संबंध आला?

६ डिसेंबर, सकाळ
कालची संध्याकाळ उत्तम झाली.

लीसबेतने कविता नीट वाचली, खणखणीत आवाजात. जिन्याच्या ओळीला फेने खुदकन हसली, मग आईकडे बघून गप्प झाली. जावई रूलॉफ म्हणाला, पुरे, दे इकडे. लीसबेत म्हणाली, वाचते, मला सवय आहे. चोविसाव्या ओळीपर्यंत वाचली. कागदाची घडी घातली. मग सगळ्यांना केक कापून दिला, स्वतः घेतला नाही. म्हणजे तिचंही पोट बोलायला लागलं. मी दोन तुकडे घेतले.

फेनेने विचारलं, आईच्या पट्ट्याचं सिंटरक्लासला कसं कळलं? मी म्हटलं, त्याला सगळं दिसतं. तो खरोखर आहे असं पोरीला अजून वाटतं. गोड आहे. तिसरा एफ मात्र तिने उघडला नाही.

रूलॉफने स्टेशनवर सोडलं. वाटेत रेडिओ मोठा केला. थकला असेल.

९ डिसेंबर
फोन नाही. तयारीत असतील. मीही बॅग काढून ठेवली.

१३ डिसेंबर
रूलॉफचा मेसेज: नाताळला तुम्ही तुमची सोय बघा. पुढे काही नाही. लीसबेतला फोन लावला, ती उचलत नाही. माणसं हल्ली फार हळवी झालीत. कवितेत एक शब्द खोटा होता का? जखमेवर मीठ चोळायला मी काय परका आहे? बापच बोलणार ना.

पोटाने संध्याकाळभर मागणी केली. नऊ गुण.

२५ डिसेंबर
टेबलावर भाजून खायच्या मांसाचं ताट मागवलं. चार माणसांपेक्षा कमीचं मिळत नाही. एका वेळी एक तुकडा भाजायचा, त्यामुळे पाच तास मजेत गेले. बाई म्हणतात, समोर कुणी नसलं की चव जास्त कळते. चौघांचं संपलं. पोट दुपारी तीनलाच भरलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

२६ डिसेंबर
सकाळी साडेनऊला फेनेचा फोन आला. रूलॉफच्या मोबाइलवरून, दबक्या आवाजात. मी म्हटलं, काय गं चिमणे, आजोबांची आठवण आली?

तिने विचारलं, आजोबा, सिंटरक्लास वर्षभर बघतो का? शाळेच्या डब्यातलंसुद्धा बघतो का? तीन आठवडे ती डबा तसाच कचऱ्यात टाकते. काल नाताळचं पुडिंग रुमालात बांधून संडासात टाकलं. आईलाही तसं शिकवणार आहे, म्हणजे पुढच्या वर्षी दोघींवर कविता येणार नाही. तिला एवढंच विचारायचं होतं, की ताटातलं किती सोडलं म्हणजे पुरे?

कविता मी केली, सिंटरक्लास वगैरे कुणी नाही, हे सांगायला दोन सेकंद लागले असते. आठ वर्षांच्या पोरीपुढे कबूल करायची लाज वाटली. तोंडातून निघून गेलं, 'अर्धं.'

ती म्हणाली, बरं आजोबा, थँक्यू, कुणाला सांगू नका. आणि ठेवला.

तेव्हापासून मी फोन लावतोय. रूलॉफला, लीसबेतला, घरच्या नंबरवर. सव्वीस वेळा लावून झाला. कुणी उचलत नाही.