कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही

बाबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज आपलं जुनंच भांडण उकरून बसले आहे. आई तीन दिवसांपासून इथे चेन्नईत, अड्यारच्या एका हॉस्पिटलमध्ये आहे. लघवीचा संसर्ग असावा. ताप उतरत नाही आणि मध्येच तापाच्या भ्रमात ती मला तिची ताई समजून हाक मारते. मी बाहेरच्या बाकावर बसते, उठते, पुन्हा बसते.

एग्मोरच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतंय. तुमचा ताप दोन दिवसांत उतरायचा, की अँटिबायोटिकच्या गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात. शेजारच्या मामींचा घसा दुखला की त्यातल्याच दोन त्यांना. मी मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला होते, मामींसमोरच तुम्हाला झापलं. एक औषध जंतूला त्याची बाहेरची भिंतच बांधू देत नाही, मग तो फुटतो. दुसरं त्याची प्रथिनं बनू देत नाही; तो लगेच मरत नाही, नुसता वाढायचा थांबतो, उरलेलं काम अंगानं करायचं असतं. तिसरं त्याच्या डीएनएची नक्कल होऊ देत नाही. घशाचं लघवीला चालेलच असं नाही, आणि अर्धवट सोडलं तर चिवट तेवढे मागे राहतात. तुम्ही कॉफी ढवळत म्हणालात, "तुझ्या जंतूंना कळतंय ना सगळं? मग त्यांनाच सांग." मामी हसल्या. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

सोमवारी आईला थंडी वाजून ताप आला. पेरुंगुडीच्या फ्लॅटमधून मला लॅबला निघायची घाई. कपाटात माझ्याच अर्धवट सोडलेल्या कोर्सच्या गोळ्या होत्या, त्या तिसऱ्या, डीएनएवाल्या जातीच्या. एक सकाळी दिली, एक संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी इथे लघवीचा नमुना घेताना नर्सनं तमिळमध्ये विचारलं, आधी काही अँटिबायोटिक दिलंय का? लोकांना हाच प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं. मी म्हणाले, "इल्लै." नाही.

आज रिपोर्ट आला, कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात, काहीच वाढलं नाही. डॉक्टर म्हणतात, लघवीत काही नाही, ताप दुसरीकडचा दिसतो. उद्यापासून इथे सुरू केलेलं अँटिबायोटिक बंद करून बाकीच्या तपासण्या करू. पण जंतू गेलेले नाहीत, बाबा. त्या दोन गोळ्यांनी नमुन्यातले तेवढे दाबले असणार, आत मूत्रपिंडात ते असतील. मला माझी भयंकर लाज वाटते आहे.

हे पत्र कुठेच जाणार नाही. डॉक्टर आत्ता याच मजल्यावर आहेत, दोनदा माझ्यासमोरून गेले. दोन्ही वेळा मी मान खाली घालून तुम्हाला लिहीत होते.