लोफोटेनला चंद्र उगवत नाही

उइटहॉर्न, नेदरलँड्स,
वैशाख संपत आला (थंडी मात्र अजून संपलेली नाही)

तीर्थस्वरूप नीरजाताईस,

सुरेखाचा सातासमुद्रापलीकडून साष्टांग नमस्कार. (मोजायला गेलं तर समुद्र इतके भरत नाहीत, पण भूगोलाच्या बाईंनीही पत्रात थोडी सूट घ्यावी.) तुझा गुडघा काय म्हणतो? तेल लावतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसत्या दर्शनानंच बरं वाटतं? दाजींची साखर आटोक्यात आहे ना? इकडे प्रणव, सूनबाई संपदा आणि आमची नात ईशानी मजेत. मीही ठणठणीत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलंच असेल. अगं, या घरात खाली शिंकलं तर वरच्या मजल्यावरून सदिच्छा येतात, आणि माझा फोन एकदा स्पीकरवर गेला की उतरायचं नाव घेत नाही. म्हणून प्रणवच्या ऑफिसातला रणजित सुट्टीवर साताऱ्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देतेय. त्याला चहा दे. पोहे दिलेस तर जेवणापर्यंत बसेल, तेव्हा विचार करून दे.

तर हकीकत अशी. प्रणवनं यंदा गाडी घेऊन थेट उत्तरेला जायचं काढलं. जर्मनी, मग डेन्मार्क, त्याच्या शेंड्यावरून गाडीसकट फेरीबोटीत बसून नॉर्वे, आणि मग नॉर्वेच्या अंगाखांद्यावरून वर वर जात लोफोटेन नावाच्या बेटांवर, जिथे या दिवसांत सूर्य मावळतच नाही. यंदाच का, तर ईशानी अजून चार वर्षांची आहे. पाच पूर्ण झाली की इथे शाळा सक्तीची, मग जूनमध्ये पोर घेऊन भटकायला निघालं तर खेमेन्ते (म्हणजे इथली नगरपालिका) दारात येऊन जाब विचारते. म्हणजे आता नाही तर मग ती मोठी होऊन स्वतःच आपल्याला सोडून जाईल तेव्हा. आणि मी तरी दरवर्षी कुठे येणार आहे?

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो पसरलाच. आम्ही दोन आठवडे ताटं मांडीवर घेऊन जेवलो. मला नाही नाही ते प्रश्न पडायला लागले. फेरीचं तोंड उघडतं आणि गाड्या रांगेनं तिच्या पोटात जातात म्हणे. मग समुद्र आत कसा जात नाही? सूर्य मावळत नाही तर तिकडच्या कोंबड्या आरवतात कधी? पोरांना झोपवताना आया काय सांगतात? शेजारचे हेंक आजोबा तरुणपणी तिकडे जाऊन आलेले. त्यांना कुंपणाशी गाठून मी माझ्या इंग्रजीत विचारलं, त्यांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, आणि दोघांनाही काहीतरी नवीन कळलं. फेरी सुटली की गाड्यांच्या मजल्यावर कुणालाही जाऊ देत नाहीत, ही बातमी त्यांचीच. हे ऐकून मी आमचे डबे गाडीच्या टपावरच्या पेटीतून काढून पायाशी ठेवायचं ठरवलं, म्हणजे वर जाताना हाती घेता येतील. त्या पेटीत कुकर, भाजणी, मेतकूट आणि बटाट्यांची गोणी बघून हेंक आजोबांचे डोळे पाणावले. इथली मंडळीही परदेशी जाताना घरचे बटाटे नेतात, म्हणाले. तुम्ही आता आमच्यातल्याच झालात.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मी दिनदर्शिका उघडली.

अधिक ज्येष्ठातली संकष्टी नेमकी आम्ही लोफोटेनला असू तेव्हा येते. माझी संकष्टी तुला ठाऊक आहे, तूच लावून दिलेली. चंद्र उगवल्याशिवाय अन्नाचा कण नाही. प्रणवच्या साखरपुड्याला आभाळ भरलं होतं, तेव्हा व्याही, विहीणबाई आणि फोटोग्राफर अशा सगळ्यांना मी पंचांगातली वेळ होईपर्यंत ताटावर बसवून ठेवलं होतं. (वरणावर साय धरली होती. विहीणबाई अजून विषय काढतात.) इथे गेल्या महिन्यात चंद्र मध्यरात्र उलटल्यावर वर आला, तोवर हे तिघं सोफ्यावर एकमेकांवर कलंडले होते. पण कुणी कुरकुर केली नाही. म्हणून मी प्रणवला म्हटलं, त्या लोफोटेनचा चंद्रोदय बघ बरं फोनवर. त्यानं बघितलं. तिथे वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ. त्यानं फोन बंद करून चालू केला, नेटला नावं ठेवली, संपदाच्या फोनवर बघितलं. तिथेही रेघ.

आणि ताई, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी टेबलावरचा दिवा ओढला, एका हातात बटाटा, दुसऱ्या हातात लिंबू, आणि तिथल्या तिथे तास घेतला. दिवा म्हणजे सूर्य, बटाटा म्हणजे पृथ्वी, लिंबू चंद्र. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. या दिवसांत बटाट्याचा शेंडा दिव्याकडे कललेला, तिथून दिवा दिसेनासा होतच नाही, मग त्याच्या समोरचं लिंबू वर येणार कसं? चतुर्थी पौर्णिमेला चिकटूनच. म्हणजे त्या दिवशी लोफोटेनला चंद्र उगवतच नाही! साताऱ्याच्या शाळेत अख्खी नोकरी खडू झिजवला, पण इतका रंगलेला तास मला आठवत नाही. शिक्षिका म्हणून मी धन्य झाले. दुसऱ्याच क्षणी उपासकरीण म्हणून मला घाम फुटला.

मग उपायांना ऊत आला. संपदानं इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. एकानं लिहिलं, उइटहॉर्नच्या वेळेवर सोडा. दुसरा म्हणाला, साताऱ्याचा चंद्र व्हिडिओ कॉलवर दाखवून घ्या. तिसऱ्याचं मत, चंद्र दिसेपर्यंत थांबावं, म्हणजे मी डेन्मार्कात परत येईपर्यंत उपाशी. (हा तिसरा कोण ते शोधून ठेवलंय.) ईशानीला विचारलं तर ती डचमध्ये म्हणाली, चंद्र झोपलाय. सगळ्या ग्रुपात तेवढं एकच उत्तर मला शास्त्रशुद्ध वाटलं.

शेवटी प्रणव उठला, नकाशाची घडी घातली आणि म्हणाला, "आई, तुझा नेम मोडून आपल्याला काही बघायचं नाही. आपण मास्ट्रिख्टला जाऊ. दक्षिणेला आहे, चंद्र हमखास!" मास्ट्रिख्ट, ताई! याच देशात, जेवून निघालं तर चहाला पोचतो. तिथे म्हणे डोंगर आहे. हेंक आजोबांनी त्याची उंची सांगितली तेव्हा मला आपला अजिंक्यतारा हिमालय वाटायला लागला. डोंगर पोखरून उंदीर काढला तोही एवढासा. संपदानं नकाशा उचलून कपाटावर ठेवला. टपावरची पेटी मात्र कुणी उतरवलेली नाही. रोज सकाळी खिडकीतून ती दिसते आणि सगळे दुसरीकडे बघतात.

आता मी काय बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्या बाईनं व्याह्यांना ताटावर बसवलं, तिनं कुठल्या तोंडानं म्हणावं की यंदा चालेल? पोरगा आईसाठी एवढा त्याग करतोय आणि आईला त्या त्यागाचा राग येतोय. तुला म्हणून सांगते, मला जायचंय, ताई. फार जायचंय. आठवीला दरवर्षी मी फळ्यावर मध्यरात्रीचा सूर्य काढायचे. एकदा श्रुती नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय?" मी म्हटलं, पुस्तकात दिलाय. ती बसली खाली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही नाही. आणि चंद्र न उगवणारं आभाळ तर पुस्तकातही नव्हतं. ते मला या डोळ्यांनी बघायचंय.

असो. मास्ट्रिख्टही छानच असेल. दाजींना नमस्कार, तुझ्या गुडघ्याला आशीर्वाद (गुडघा माझ्याहून लहान आहे, तू नाहीस).

तुझी,
सुरेखा

ता. क. मुख्य काम राहिलंच. येत्या रविवारचा तुझा नेहमीचा फोन सकाळी प्रणवच्या फोनवर कर, माझ्या नको. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला झाड. म्हणावं, सुरेखा, हा उपास मी लावून दिला, तेव्हा कसा सोडायचा तेही मीच सांगणार. साताऱ्याला मी चंद्राला अर्घ्य दिलं की तू तिकडे जेवायचं, आणि पोराच्या वाटेत आडवं यायचं नाही. मी म्हणेन, "नाही ताई, नेम म्हणजे नेम." दोन-तीनदा म्हणेन. आवाजही भरून येईल. तू विरघळू नकोस! तुझा स्वभाव मऊ, म्हणून लिहून ठेवते.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता जिन्यात उभी होते. (ऐकत नव्हते, पाय थांबले.) वर संपदा दार लोटून हळूच फोनवर बोलत होती. "मावशी, रविवारी तुम्ही आईंना जरा रागवाच. त्या नाही म्हणतील, पण त्यांना जायचंय हो. रात्री कपाटावरचा नकाशा काढून त्यावर बोट फिरवत बसतात." म्हणजे तुला सगळं आधीच ठाऊक आहे तर! आणि मला वाटत होतं, या घरात मला कुणी ओळखत नाही. मी जिन्यातच बसले थोडा वेळ. आता दोघींच्या वाटचं मिळून एकदाच रागव. मी नेटानं नाही म्हणेन, पोरीचा बेत फसायला नको. तिला कळू देऊ नकोस की मला कळलंय.

ता. क. ३. त्या दिवशीचा साताऱ्याचा चंद्रोदय नीट बघून ठेव. मोदकाची पिठी आणि गूळ मी टपावरच्या पेटीत तळाशी घातलाय. मास्ट्रिख्ट ठरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी.